जमादारांची शिताफी

निवृत्त पोलिसाकडे शेवटी दोनच गोष्टी उरतात, दुखरे गुडघे आणि किस्से. गुडघ्यांचं कुणी ऐकून घेत नाही. किश्शांचं मात्र असं होतं, की एक सांगायला घ्यावा तर त्याच्यामागे दुसरा उभाच असतो आणि तिसरा मधेच घुसतो. परवा पेपरात वाचलं, "पोलिसांनी चोरट्यास शिताफीने पकडले." झालं! चहा गार झाला तरी मी आपला त्या एका शब्दावरच.

तुम्हीच सांगा, हा शब्द तुम्ही बोलताना कधी वापरलाय? कुठल्या आईनं पोराला "जा, शिताफीनं दूध घेऊन ये" म्हटलंय? दूध 'पटकन' आणायचं असतं. पैलवानाची 'चपळाई' असते, सुताराचा 'हात' चांगला असतो, वकिलाचं 'डोकं' चालतं. शिताफी मात्र फक्त पेपरात, आणि तीही पोलिसांसाठी राखून ठेवलेली! आम्हा तीन पोलिसांवर त्या शब्दापायी घरी बसायची पाळी आली होती.

आमची चौकी मुळशी खोऱ्यात होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्या घरी येऊन जाऊन असतात. पन्नास ते साठ सालाच्या मधला काळ. दारूबंदी जोरात, आणि हातभट्ट्या तिच्याहून जोरात! चौकी म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन खोल्या आणि पुढे तीन पायऱ्या. माणसं तिघं. खैरे जमादार म्हणजे आमचे साहेब. पवार हा जुना शिपाई, सदा तोंडात विडी. आणि तिसरा मी, मोरे, नवा भरती झालेला.

भरती झालो तो उंचीवर. उंची मोजली, छाती मोजली, काळीज कुणी मोजलंच नाही! मला काळजी करायला कारण लागत नाही. कारण असलं तर उलट बरं वाटतं. आणि तेव्हा कारण होतं. माझी नोकरी अजून कच्ची होती. कायम झालो तर झालो, नाहीतर पट्टा जमा करून गावी. गावी आई होती, लग्नाच्या दोन बहिणी होत्या आणि कमावणारा मी एकटा. रोज सकाळी पट्टा बांधताना वाटायचं, आज हा शेवटचा तर नाही?

* * *

खैरे जमादार रिटायर व्हायला आले होते. पोट असं, की पट्ट्याला मोच्याकडून जास्तीचं भोक पाडून घेतलेलं. चौकीच्या तीन पायऱ्या चढताना मधल्या पायरीवर थांबून ते टोपी काढायचे, घाम पुसायचे आणि मग तिसरी चढायचे. माणूस मात्र सरळ आणि मायाळू. मला कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांची एकच हौस उरली होती.

दुपारच्या एसटीनं पेपर यायचा. जमादार खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "पवार, वाच." ते बाकीचं काही ऐकायचे नाहीत.

"'पोलिसांनी दरोडेखोरास शिताफीने जेरबंद केले.'"

"कुटल्या पोलिसांनी?"

"साताऱ्याच्या."

जमादार सुस्कारा सोडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "कुटल्या?" "नगरच्या." एके दिवशी त्यांना राहवलं नाही. "आरं, उभी नोकरी गेली माजी! एकडाव त्या शबुदासंगं माजं नाव छापून यावं. मंग पट्टा काढून ठिवतो की न्हाई बघ!"

पवारनं शांतपणे विडी झटकली आणि म्हणाला, "त्यापरीस साताऱ्याला बदली मागा, साहेब!"

* * *

गावातल्या शाळेचे गुरुजी हे पुण्याच्या एका पेपरचे वार्ताहरही होते. बातमी लिहायची आणि एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायची, असा त्यांचा शिरस्ता. शब्दांना फार जपणारा माणूस. शाळा सुटल्यावर जमादार एकदा त्यांच्याकडे गेले, मला सोबत घेऊन.

"गुरुजी, शिताफी म्हंजी नेमकं काय असतंय?"

गुरुजी खुलले. "असं बघा जमादार, चपळाई शरीराची असते आणि चलाखी डोक्याची. शिताफीला दोन्ही लागतात, आणि तीही एकाच क्षणी. हात आधी पोहोचला आणि डोकं मागून आलं, तर ती शिताफी नव्हे. ती धडपड."

जमादारांच्या चेहऱ्यावरून गुरुजींनी ओळखलं, की हे पोहोचलं नाही. त्यांनी खडू उचलला. "मी हा टाकतो. तो झेलायचा, आणि झेलता झेलता उत्तर द्यायचं. तयार? सतरा नव्वे?"

खडू जमादारांच्या छातीवर आपटला, पोटावरून घरंगळला आणि माझ्या बुटापाशी येऊन पडला. जमादार दोन्ही हात पसरून तसेच उभे. ओठ हलत होते, बहुतेक सतरा सक्केपर्यंत पोहोचले असावेत. शेवटी वैतागून म्हणाले, "गुरुजी, एकेक इचारा की! आदी खडू का आदी पाढा?"

* * *

माझा पहिला छापा. वरच्या वाडीच्या कोंडिबाची भट्टी पकडायची होती. कोंडिबा म्हणजे खोऱ्यातलं मोठं नाव. भट्टी सगळ्यांना ठाऊक, पण पोलिसाला त्याची सावलीसुद्धा कधी दिसलेली नाही, अशी त्याची ख्याती. वाडीतली माणसं कौतुकानं सांगायची, "कोंडिबाला धरनारा अजून जल्माला यायचाय!"

ओढ्याकाठानं चढ सुरू झाला. जमादारांनी बजावलं होतं, आवाज करायचा नाही, आणि भट्टी दिसली की शिट्टी वाजवायची. माझी भीती अशी, की ऐन वेळी खिशातून शिट्टी निघालीच नाही तर? म्हणून मी ती चौकीपासूनच दातात धरून ठेवली. चढावर मला धाप लागली. आणि जसा श्वास बाहेर पडेल तशी शिट्टी वाजायला लागली! फुर्र, फुर्र, फुर्र! मला वाटलं पवार वाजवतोय. पवारला वाटलं वर दुसऱ्याच चौकीचा जमादार येऊन बसलाय. समोरच्या डोंगरावरून गुराख्यांनी उलट शिट्ट्या मारल्या.

वर पोहोचलो तेव्हा चूल ऊन होती आणि माणूस नव्हता. जमादार मागून धापा टाकत आले, दगडावर टेकले, आणि जरा वेळानं म्हणाले, "मोरे, श्वास घ्यायला माजी ना न्हाई. पन शिट्टी काडून घे रं बाबा!"

* * *

कोंडिबा मिळाला नाही, तरी त्याचं रसायन मिळालं. रसायन म्हणजे आंबवलेलं गुळाचं पाणी, त्याचीच पुढे दारू काढतात. नमुना म्हणून बाटल्या भरल्या. जमादारांनी बुचं ठोकून बसवली, वर सुतळी आवळली, वर लाखेचं सील. "हितनं माशी बी भाईर पडायची न्हाई!" म्हणाले. बाटल्या खिडकीत ठेवल्या. दिवस वैशाखाचे.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. मी कोंडिबाचीच काळजी करत होतो. वाडीतल्या कुणीतरी मला सांगितलं होतं, की कोंडिबाकडे ठासणीची बंदूक आहे आणि तो फार चिडलाय. मी तेच जमादारांना सांगत होतो, तेवढ्यात धडाड! मी पालथा पडलो. पुन्हा धडाड! जमादार टेबलाखाली शिरले, पण अर्धेच मावले. सगळीकडे आंबूस वास. उन्हानं रसायन फसफसून बाटल्या फुटत होत्या, हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

मी मान वर करून पाहिलं तर पवार ताटावर तसाच बसलेला, दोन्ही हात डोक्याच्या वर. एका हातात भाकरी. दाराकडे बघून म्हणत होता, "कोंडिबा, मी काल छाप्यात सर्व्यांच्या मागं व्हतो!"

* * *

हे फौजदारांच्या कानावर गेलं. फौजदार तालुक्याला असत. तरुण, इस्त्रीचे कपडे, बोलणं तोडून टाकणारं. ते चौकी तपासायला आले. आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

"तुमची तयारी बघायची आहे," ते म्हणाले. "हा पवार चोर. तो पळेल. तुम्ही दोघांनी त्याला धरायचं. शिताफी दिसली पाहिजे!"

शिट्टी झाली आणि पवार सुटला. एवढा म्हातारा माणूस असा पळेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शाळेमागून गेला, खाचरांच्या बांधावरून गेला आणि दिसेनासा झाला. मी मागे पळालो. ओढ्यापाशी मला दोन वाटा लागल्या. कुठली घ्यावी या विचारातच माझा सगळा वेळ गेला. जमादार तर तिसऱ्या पायरीवरच होते, उतरण्याच्या बेतात.

फौजदार खुर्चीत बसून राहिले. चहा झाला, दुसरा चहा झाला. पवार काही येईना. उन्हं कलल्यावर तो आला, खांद्यावर पिशवी, पिशवीत भाजी. पलीकडच्या गावात त्याचं घर होतं, तिथे जेवून, झोपून आला होता.

"हा काय प्रकार आहे?" फौजदार ओरडले.

पवारनं कडक सॅल्यूट ठोकला. "साहेब, पळून जायाचं सांगितलं व्हतं. परत यायचं कुनी सांगितलं?"

फौजदार हसले नाहीत. जाताना जमादारांना म्हणाले, "तुम्हाला तुमचाच माणूस धरता येत नाही. महिना अखेरपर्यंत तो कोंडिबा माझ्यासमोर पाहिजे. नाहीतर खैरे, तुमच्या रिटायरमेंटच्या कागदावर मी काय लिहीन ते बघा. आणि हा मोरे कायम होणार नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला आईचा चेहरा दिसला आणि हातातली टोपी खाली पडली.

* * *

महिना संपत आला. आम्ही डोंगर पालथे घातले, कोंडिबाचा पत्ता नाही. मी मनात बहिणींना पत्र लिहायला लागलो होतो, की मी परत येतोय. आणि एका सकाळी, जमादार पट्टा सैल करून चहा पीत असताना, एक काटक, काळासावळा माणूस तिन्ही पायऱ्या एका उडीत चढून आत आला.

"राम राम. तक्रार द्यायचीय."

"कसली?"

"चोरीची. माजा हंडा चोरला. तांब्याचा, चांगला मोठा."

"कुटनं?"

"भट्टीवरनं."

पवारची विडी तोंडातच विझली. जमादारांनी कप खाली ठेवला. "नाव काय तुजं?"

"कोंडिबा. वरची वाडी. वड्याच्या वर जांभळीखाली भट्टी हाय आपली. तितनं गेला बगा. असली चोरी खोऱ्यात कदी झाली न्हवती! पोलीस करत्यात तरी काय?"

जमादार उठायला गेले, पण पट्टा सैल. एका हातानं पट्टा धरून दुसरा हात माझ्याकडे केला. "मोरे, धर त्याला!"

मी त्याच्यासमोर गेलो आणि तोंडातून शब्द निघाले, "बसता का जरा?"

कोंडिबा बाकावर बसला. झाली अटक! तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं काय घडतंय ते. पण तो उठला नाही. करड्या आवाजात म्हणाला, "माजी तक्रार पयली हाय. ती घ्या. धरायचं ते मागनं धरा!"

* * *

संध्याकाळी गुरुजी बातमी घ्यायला आले. कोंडिबाला त्यांनी समक्ष बघितलं, जमादारांचं अभिनंदन केलं आणि लेखणी काढली. "कसा सापडला?"

"आला आन् बसला," जमादार म्हणाले.

गुरुजींनी लेखणी खाली ठेवली. "जमादार, 'आला आणि बसला' याची बातमी होत नाही."

जमादारांनी एकदा पवारकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. रिटायर व्हायला आलेला माणूस. पुन्हा कधी असा योग येणार होता? घसा खाकरून म्हणाले, "मंग लिवा... पळत व्हता."

"कुठपर्यंत?"

"कड्यापत्तोर."

"आणि मग?"

"मंग कड्यावर चढला."

"तुम्ही काय केलंत?"

जमादारांनी पोटावरून हात फिरवला. "मी बी चढलो."

गुरुजींनी लेखणीला टोपण लावलं, पुन्हा काढलं. शेवटी लिहिलं.

तिसऱ्या दिवशी पेपर आला. "खैरे जमादारांनी जिवावर उदार होऊन उभा कडा चढून जाऊन अट्टल हातभट्टीवाल्यास शिताफीने पकडले. सोबत शिपाई मोरे होते." जमादारांनी पवारकडून ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि मग डोळे पुसले. खरंच सांगतो, मलाही भरून आलं.

पण त्याच एसटीनं तालुक्याचा शिपाईही आला. फौजदारांनी पेपर आधीच वाचला होता. निरोप असा, "शाबास! रिपोर्ट बातमीप्रमाणे सविस्तर पाठवा."

जमादारांचा चेहरा उतरला. फौजदारांना आता 'आला आणि बसला' कसं कळवायचं? रिपोर्ट बातमीसारखाच गेला. आजही त्या कड्याकडे मान वर करून पाहिलं तरी मला चक्कर येते, आणि सरकारी रिपोर्टात मी तो चढून गेलो होतो!

* * *

खरी पंचाईत पुढेच झाली. चहावाल्यानं ती बातमी कोंडिबाला वाचून दाखवली. कोंडिबा भडकला! चौकीची मागची खोली हीच कोठडी, तिचे गज धरून उभा राहिला.

"मला? ह्या पोटाच्या मानसानं? पळून धरलं? वाडीत तोंड कसं दावू मी? म्हनत्याल, म्हातारा झाला कोंडिबा, जमादाराला घावला! मी माज्या पायानं आलो व्हतो. तक्रार द्यायला. कोर्टात सांगतो का न्हाई बगा!"

खोटा रिपोर्ट कोर्टात उघडा पडला म्हणजे तिघांचेही पट्टे गेले. जमादारांची पेन्शन गेली. माझी नोकरी गेली, बहिणींची लग्नं गेली. जमादार त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "मोरे, तुजं नाव त्यात उगा आलं रं. माज्या हौसंपायी." त्यांना दोष द्यावासा मला वाटलाच नाही, नुसती भीती वाटत होती.

पुण्याला कोर्टात न्यायच्या आदल्या दिवशी मी कोंडिबाला भाकरी द्यायला गेलो. विनवणी करायची होती, पण मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "ती शिताफी शिताफी म्हनत्यात, ती काय वो?"

मी गुरुजींनी सांगितलेलं सांगितलं. हात आणि डोकं, दोन्ही.

"दोनी?"

"दोन्ही. आणि एकाच वेळी."

कोंडिबानं भाकरीचा तुकडा मोडला. सावकाश खाल्ला. "अवगडच म्हनायचं," एवढंच बोलला. कोर्टात काय सांगणार, ते मला विचारवलं नाही.

* * *

कोर्ट वरच्या मजल्यावर होतं. जमादार जिना चढून आले ते कठड्याला धरून उभे राहिले. धाप काही थांबत नव्हती. फौजदार पुढच्या बाकावर, इस्त्रीच्या कपड्यात. पवारनं सवयीनं विडी तोंडात धरली, मग घाबरून खिशात टाकली.

मॅजिस्ट्रेट वयस्क होते. चष्मा नाकावर घसरलेला. "कोंडिबा, गुन्हा कबूल आहे?"

"हाय, साहेब."

"भट्टी तुझीच?"

"माजीच. हंडा बी माजाच व्हता."

जमादारांनी डोळे मिटले. मी मनातल्या मनात आईला हाक मारली.

मॅजिस्ट्रेट कागद चाळत होते. एका ठिकाणी थांबले. मोठ्यानं वाचलं, "'सदर आरोपी कड्यावर चढून गेला असता जमादार खैरे यांनी पाठोपाठ उभा कडा चढून त्यास शिताफीने पकडले.'" त्यांनी चष्मा वर सरकवला. जमादारांकडे पाहिलं. पोटाकडे पाहिलं. एका जिन्यानं काय अवस्था झाली होती, तेही पाहिलं.

"हेच ते जमादार?"

"हेच की," कोंडिबा म्हणाला.

"तू शपथेवर नाहीस, पण खरं सांग. हे उभा कडा चढले?"

फौजदार पुढे झुकले. कोंडिबानं आधी जमादारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फौजदारांच्या इस्त्रीकडे. कानामागे खाजवलं.

"चडलं की, साहेब! पार अर्ध्याच्या वर आलं व्हतं. मंग आडकलं," तो म्हणाला. "मीच वरनं हात दिला!"